एकसष्ट धन्यवाद

काकांच्या भाषणाला पाचपैकी दोन पूर्णांक एक गुण मिळालेले दिसले, तेव्हा तिने आधी चष्मा पुसला आणि पान पुन्हा उघडलं. आकडा तोच होता.

कंपनीत सगळेच त्यांना काका म्हणत. वय पंचावन्न, नव्याने लागलेल्यांना प्रोग्रॅम लिहायला शिकवणं हे त्यांचं काम. तिलाही त्यांनीच शिकवलं होतं. डेव्हलपरांच्या वार्षिक परिषदेत प्रशिक्षण विभागातल्या प्रत्येकाने बोलायचं आणि श्रोत्यांनी ज्याला तीनपेक्षा कमी गुण दिले त्याला सोमवारी घरी बसण्याचं पत्र द्यायचं, असं साहेबांनी या वर्षी ठरवलं होतं. अभिप्राय गोळा करणारा प्रोग्रॅम तिचा होता. सोमवारी सकाळी काकांना पत्र मिळालंही.

काकांचं भाषण तिने तिसऱ्या रांगेत बसून ऐकलं होतं.

"एकोणीस वर्षांपूर्वी एका रुग्णालयासाठी मी प्रोग्रॅम लिहिला," खिशात हात घालून ते म्हणाले होते. "नाव आणि जन्मतारीख जुळली, की दोन नोंदी एकाच माणसाच्या समजायच्या. एक दिवस दोन बायका जुळल्या. एकीला दुसरीच्या गटाचं रक्त चढवलं गेलं. ती गेली. मी दुपारपर्यंत प्रोग्रॅम दुरुस्त केला आणि माझ्या तेव्हाच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, दुरुस्त झालं ना? मग झालं. तिच्या नवऱ्याला कुणी काही कळवलं नाही. मीही नाही. आज पहिल्यांदा बोलतोय."

टाळ्या पडल्या नाहीत. माणसं फोनमध्ये मान घालून बसून राहिली आणि मग एकेक करून उठली.

आता पडद्यावर अवघे सात अभिप्राय होते. 'कोडची एक ओळ दाखवली नाही.' 'रडगाणं ऐकायला आलो नव्हतो.' 'काका, आता विश्रांती घ्या.' आणखी तीन त्याच वळणाचे. सातवा एका शब्दाचा होता, 'धन्यवाद', आणि त्याला पाच गुण.

सभागृह तर गच्च भरलं होतं. मग सातच कसे?

तिने प्रोग्रॅमने गाळण्याआधीची मूळ यादी उघडली. 'धन्यवाद', पाच गुण. खाली पुन्हा 'धन्यवाद', पाच गुण. आठ मिनिटांत एकसष्ट वेळा. काहीतरी लिहिल्याशिवाय गुण पुढे जात नसत, आणि त्या भाषणानंतर काय लिहावं हे कुणालाच सुचलं नव्हतं. गेल्या वर्षी एका वक्त्याच्या मित्राने एकच स्तुती चाळीसदा पाठवली होती, म्हणून तिने एक नियम घातला होता: दहा मिनिटांत तोच मजकूर आणि तेच गुण पुन्हा आले, तर ते एकाच माणसाचे समजायचे आणि एकच ठेवायचा. शिव्या मात्र ज्याने त्याने आपापल्या शब्दांत दिल्या होत्या, त्यामुळे सगळ्या टिकल्या.

तिने नियम काढून टाकला. चार पूर्णांक सात.

साहेबांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पत्र दिलं गेलंय," ते म्हणाले. "आता एकाचं मागे घेतलं, तर पत्र मिळालेले बाकीचे तिघं माझ्या दारात उभे राहतील. आणि चूक कुणाची, हे विचारलं तर मी कुणाचं नाव सांगू?"

घरी आई अंथरुणाला खिळलेली होती आणि कमावणारी ती एकटी.

"दुरुस्त केलंस ना?"

"हो."

"मग झालं. चारचौघांत बोलू नकोस."

"हो," ती म्हणाली.

काका खण रिकामा करत होते. पुठ्ठ्याच्या खोक्यात एक पाण्याची बाटली, दोन वह्या आणि सुरुवातीच्या तुकडीचा एक फोटो. त्यात ती पहिल्या रांगेत होती.

"ये गं. मला निरोप द्यायला आलीस की शिकवणी बुडाली म्हणून रडायला?"

तिने छापून आणलेली यादी पुढे केली आणि काय घडलं ते सांगितलं. काका बोट फिरवत एकेक ओळ खाली गेले. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

"एवढे होते?"

"एकसष्ट."

"मला वाटलं, कुणालाच काही वाटलं नाही." त्यांनी नाक पुसलं. "साहेबांना सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

तिला ते शब्द उच्चारणं जड गेलं. "म्हणाले, दुरुस्त झालं ना, मग झालं."

काकांनी यादीची घडी घातली, पुन्हा उलगडली, आणि नीट दुमडून वहीत ठेवली.

"आणि तू काय म्हणालीस?"

ती खोक्यातल्या फोटोकडे बघत राहिली.

"हो म्हणाले."

काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खोकं उचललं, दारापाशी गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "मीही तेच म्हणालो होतो, पोरी."