गुडघ्याची साक्ष

मी एक जुनी हातोडी आहे. मित्रांनो, हातोडी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे सुतार येतो, पण मी आयुष्यात एकही खिळा ठोकलेला नाही. एकदा आमच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने माझ्याकडून खिळा ठोकून घ्यायचा प्रयत्न केला. खिळा जागचा हलला नाही, उलट माझे डोके उसळून त्याच्याच नाकावर आपटले. माझे डोके रबराचे आहे, तिकोनी, आणि दांडा पोलादाचा. माणसांचे गुडघे वाजवायचे, हे माझे काम.

कारखान्याच्या साच्यातून बाहेर पडले ती थेट एका तरुण डॉक्टरीणबाईंच्या खिशात. नवी होते तेव्हा मला वाटे, पाय मीच उडवते! बाईंच्या हाताखाली राहून कळले की खरी करामत आतल्या मंडळींची आहे.

गुडघ्याच्या वाटीखाली एक चिवट दोरी असते, तिला कंडरा म्हणतात. मी तिच्यावर हलकेच मारले की मांडीचा स्नायू किंचित ताणला जातो. ती वर्दी मज्जातंतूंवरून धावत पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत पोहोचते आणि तिथूनच उलट टपाली हुकूम सुटतो, "आवळ!" स्नायू आवळतो, पाय पुढे उडतो. मेंदूला हे सगळे मागाहून कळते. दूध उतू जाऊ लागले तर गॅस बंद करायला कुणी घरातल्या वडीलधाऱ्यांची परवानगी मागत बसते का? तसेच हे. याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. चटका बसताच मागे येणारा हात आणि डोळ्यात धूळ जाताच मिटणारी पापणी, ही सगळी याच घराण्यातली.

मेंदू मात्र रिकामा बसलेला नसतो बरे का! चालायचे, लिहायचे, चेंडू झेलायचा, तर हुकूम त्याचाच. तोल सांभाळायला मागच्या बाजूला लहान मेंदू असतो. मज्जारज्जूच्या उतावळेपणाला लगामही वरूनच लागतो. म्हणून पाय फारच जोराने उडाला तर बाई वर कुठे बिघाड आहे का ते पाहत, आणि उडालाच नाही तर वाट कुठे तुटली ते शोधत. इतके गुडघे पाहिले, पण या कारभाराचे कौतुक माझ्या मनातून अजून ओसरत नाही.

पुढे शरीराच्या आतले फोटो काढणारी मोठमोठी यंत्रे आली आणि मी खणात जाऊन पडले. माझ्यावर कापसाचे पुडे आले, रबराला चिरा गेल्या. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

अशात एक दिवस बस चालवणारे मामा आले. अख्खा डेपो त्यांना मामाच म्हणे. त्यांच्या बसमध्ये उभ्या माणसाच्या हातातला चहासुद्धा हिंदकळत नाही, अशी त्यांची ख्याती. त्या दिवशी त्यांची वर्षाची तपासणी होती. बरोबर मामी होत्या आणि त्या सारख्या नवऱ्याच्या गुडघ्यांकडेच पाहत होत्या.

बाईंनी सवयीने मला खणातून काढले आणि मामांच्या गुडघ्यावर मारले. पाय उडाला. झकास उडाला! बाईंचा चष्मा थोडक्यात वाचला. पण माझ्या रबराखाली काहीच जागे झाले नव्हते. खरा पाय माझ्यापाठोपाठ उडतो, डोळा लवायच्या आत. हा पाय आधी विचार करून मग उडाला होता.

बाईंनाही शंका आली. "मामा, डोळे मिटा बरं."

मामांनी डोळे मिटले. बाईंनी मला गुडघ्यावर नाही, शेजारच्या लाकडी बाकावर मारले. टक्!

मामांचा पाय दिमाखात उडाला.

"मामा," बाई शांतपणे म्हणाल्या, "मी बाकाला मारलं."

मामींनी कपाळाला हात लावला. "अहो, सांगत होते ना मी, खरं काय ते सांगून टाका म्हणून! बाई, घरी लाकडी चमच्यानं मीच ह्यांचा सराव घेतला. पाय उडाला नाही तर गाडी काढून घेतात, असं कुणीतरी ह्यांच्या डोक्यात भरवलं."

"सराव तुमच्या मेंदूनं केला, मामा. मला मज्जारज्जूचं म्हणणं ऐकायचंय. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवा आणि जोरात ओढा."

मन असे हातांत गुंतले की पायांना नाटक जमत नाही, आणि दबलेली खरी हालचालही वर येते. मी डाव्या गुडघ्यावर पडले, उजव्या गुडघ्यावर पडले, टाचेमागे पडले. आतून उत्तर आले नाही. मला भीती वाटली.

"पायांना मुंग्या येतात?" बाईंचा आवाज बदलला होता.

मामांची मान खाली गेली. "पोट बिघडलं होतं, ते बरं झालं. मग तळव्यांना मुंग्या सुरू झाल्या. आता वर चढल्यात. पण बाई, गाडी गेली तर मी करू काय?"

"आधी श्वास, मग गाडी. कधी कधी रोगजंतूंशी लढणारे शरीराचे राखणदारच चुकून आपल्या मज्जातंतूंवर तुटून पडतात. हे छातीपर्यंत चढलं तर श्वास घेणं अवघड होईल. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात चला."

आणि खरोखर, तिथे पोहोचल्यावर मामांचा श्वास अडू लागला. उपचार हाताशी होते म्हणून ते वाचले. त्या वेळी ते बस चालवत असते तर? विचारानेही माझ्या चिरा रुंदावतात.

मित्रांनो, दुखले-खुपले तर लपवू नका. डॉक्टरांपुढे पास व्हायचे नसते, खरे सांगायचे असते. तुमच्या आत इतकी इमानी माणसे रात्रंदिवस राबतात, त्यांना खोटी साक्ष द्यायला लावू नका.

मामा पुढे काठी टेकत येत राहिले. दर वेळी मी गुडघ्यावर पडे, आणि दर वेळी पाय दगडासारखा गप्प. मामा हसून म्हणत, "राहू द्या बाई, झोपलाय तो." मामी मात्र हसत नसत.

मग एकदा ते काठीशिवाय चालत आले. बोटे अडकवून ओढता ओढता बाईंना डेपोतली कुठलीशी गंमत सांगत होते. मी पडले, आणि पाय उडाला. जेमतेम बोटभर, पण माझ्यापाठोपाठ, डोळा लवायच्या आत.

मामा बोलता बोलता थांबले. आधी गुडघ्याकडे पाहिले, मग मामींकडे, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"बाई, शपथ घेऊन सांगतो," ते म्हणाले, "मी नाही हलवला!"