सतरा सेकंद पुढे, तरी नापास

सोळाशे मीटरची धाव रचना जाधवने दहा मिनिटं चार सेकंदांत संपवली. सतरा सेकंदांनी मागून दिनानाथ म्हात्रे आला, गुडघ्यांवर हात टेकून वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. रचना सत्तेचाळीस वर्षांची, दिनानाथ त्रेपन्न. उरणजवळच्या एका कंटेनर यार्डच्या गेटवर दोघं सुरक्षा रक्षक होते आणि पाळीही एकच. दुपारी निकाल लागला. दिनानाथ पास, रचना नापास.

नापास झालेल्यांना पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून गेट सोडून हाऊसकीपिंगला जायचं होतं. सोळा वर्षं ज्या गेटवर ती ट्रेलर अडवत होती, त्याच गेटच्या केबिनची लादी तिने आता पुसायची.

"ताई, टायपिंगची चूक असेल," भक्ती म्हणाली. ती चोवीस वर्षांची, वर्षभरापूर्वी लागलेली, आणि आरामात पास झालेली.

चूक टायपिंगची नव्हती. नोटीस बोर्डावर वेळेचा तक्ता लावला होता, तो रचनाने दोनदा वाचला. पुरुष पस्तीस वर्षांपर्यंत आठ मिनिटं, पंचेचाळीसपर्यंत नऊ, त्यापुढे साडेदहा. महिला साडेनऊ मिनिटं. एवढंच. महिलांच्या ओळीत वयाचा रकाना कोरा होता.

तो का कोरा होता, हे रचनाइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तक्ता सोळा वर्षांपूर्वीच्या भरतीच्या जाहिरातीतून उचललेला होता. त्या भरतीत माजी सैनिक घ्यायचे होते, म्हणून पुरुषांना वयाची सवलत होती. बायका प्रथमच घेत होते, त्यांना वयाची अट जास्तीत जास्त एकतीसची. रचना तेव्हा बरोबर एकतीसची होती. यंदा कंपनीने दरवर्षी चाचणी घ्यायचं ठरवलं आणि तोच तक्ता पुन्हा टाइप करून बोर्डावर लावला. सोळा वर्षं नोकरी केलेली बाई सत्तेचाळीसची होते, हे कोणाच्याही ध्यानात आलं नाही.

ती एचआरमध्ये गेली. तिथला प्रज्योत सर एकोणतीस वर्षांचा. ऑफिस स्टाफला चाचणी लागू नव्हती.

"सर, दिनानाथदादा माझ्या मागून आले. ते पास कसे?"

"मॅडम, तुमची स्पर्धा त्यांच्याशी नव्हती. तक्त्याशी होती."

"त्या तक्त्यात बायकांचं वयच नाही."

"बायकांना तरुण पोरांपेक्षा दीड मिनिट जास्त दिलंय. अजून किती सवलत पाहिजे?"

"ती बाई असण्याची झाली. वयाची कुठाय? पुरुषांचं वय वाढतं आणि आमचं वाढत नाही?"

"बायकांना वय विचारू नये म्हणतात, मॅडम," प्रज्योत म्हणाला आणि स्वतःच हसला. शेजारच्या टेबलावरचाही एक जण हसला.

रचना हसली नाही. तिने तिथेच कागद मागून घेतला आणि चार ओळींचा अर्ज लिहिला. महिलांनाही पुरुषांप्रमाणे वयानुसार वेळ द्यावी, एवढीच मागणी. मुळात गेटवर धावायचं कशाला, हे तिने विचारलं नाही. विचारण्यासारखं होतं. तिचं काम ट्रेलरमागे जाऊन कंटेनरचं सील ओढून बघणं, नंबर वाचणं, तो कागदाशी जुळवणं आणि बारा तास उभं राहणं. सोळा वर्षांत ती धावली असेल तर ऑफिसच्या इमारतीकडे, कारण बायकांचं टॉयलेट तिथे होतं, गेटपासून चारशे मीटरवर.

आठव्या दिवशी बोर्डावर नवी नोटीस लागली. 'सुरक्षा रक्षक श्रीमती रचना जाधव यांच्या तक्रारीची दखल घेऊन, समानतेच्या तत्त्वानुसार, वयाची सवलत सर्वांसाठी रद्द करण्यात येत आहे. पुरुष आठ मिनिटं, महिला साडेनऊ मिनिटं. झालेल्या चाचणीतल्याच वेळा ग्राह्य धरून सुधारित निकाल सोबत.' रचना नापास होतीच. आता तिच्यासोबत पाच पुरुषही नापास झाले. त्यात दिनानाथचं नाव तिसरं होतं.

पाळी सुटल्यावर गेटसमोरच्या टपरीवर ते पाचही जण तिची वाट बघत उभे होते.

"काय गो रचना, भेटला का न्याय?" दिनानाथने विचारलं. "पाच जनांच्या पोटावर पाय दिलास नि वर तू पन नापासच."

"मी तुमची सवलत काढा म्हटलं नव्हतं, दादा. मलाही द्या म्हटलं होतं."

"नोटिशीवर नाव तुझं हाय," छपन्न वर्षांचा अंबाजी म्हणाला. "माझी बायको विचारते, ही रचना कोन? काय सांगू?"

"सांगा, अर्ज माझा आणि नोटीस साहेबाची. वाचता येतं ना तुम्हाला?"

"आता शाळा नको घेऊस," दिनानाथने आवाज खाली आणला. "साहेब बोलला, तू तक्रार मागे घेतलीस तर जुना तक्ता परत लागंल. कागद तयार हाय. उद्या जा, सही कर. तसं पन तुझं गेट गेलंय. आमचं तरी राहू दे."

तिला सगळ्यात जास्त राग आला तो या शेवटच्या वाक्याचा.

"दादा, तुमच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. तीन वर्षं झाली. सील तुम्ही ओढता, नंबर मी हळू वाचते आणि तुम्ही मोठ्यानं बोलता, सुपरवायझरला ऐकू जावं म्हणून. मी कधी अर्ज केला? तुमचा डोळा मी सांभाळला आणि माझं वय तुम्हाला दिसत नाही?"

अंबाजीने वळून दिनानाथकडे पाहिलं. दिनानाथने चहाचे पैसे टपरीवर ठेवले आणि बाइकला किक मारली.

घरी नवऱ्याने, रत्नपालने, एकच प्रश्न विचारला. "सही केलीस तर तुझं काय होईल?"

"लादी पुसायची."

"आणि नाही केलीस तर?"

"तेच. पण मला गैरसमज झाला होता, असं मी लिहून देणार नाही."

रत्नपाल म्हणाला, "मग झोप आता. उद्या पहिली पाळी आहे."

सकाळी साडेनऊला प्रज्योतने छापलेला कागद तिच्यापुढे सरकवला. 'माझी तक्रार गैरसमजातून झाली होती. चाचणीच्या निकषांबाबत माझी कोणतीही तक्रार नाही.' खाली सहीसाठी रेघ. दार उघडं होतं आणि दारात दिनानाथ उभा होता. बाकीच्या चौघांनी त्याला बघून यायला पाठवलं होतं.

रचनाने पेन उचललं. सहीची रेघ सोडून तिने तिच्याखाली लिहायला सुरुवात केली. प्रज्योतला वाटलं, ती नाव पूर्ण लिहीत असेल. ती चार ओळी लिहीपर्यंत तो फोनमध्ये बघत होता.

"हे काय?" त्याने कागद ओढला आणि वाचला. 'वरचा मजकूर माझा नाही. गैरसमज झालेला नाही. पुरुषांची वयाची सवलत परत द्यावी आणि तीच महिलांनाही द्यावी. रचना जाधव, वय ४७, वेळ १०:०४.'

"मॅडम, असं चालत नाही. हा फॉरमॅट आहे. आणि पुरुषांच्या वतीनं बोलायला तुम्हाला कोणी सांगितलं? मी त्यांना काय सांगू?"

"माझ्यामुळे त्यांची सवलत गेली, हे सांगायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

प्रज्योतने दाराकडे बघून हाक मारली. "म्हात्रे, आत या. समजवा यांना. या बाईंच्या हट्टापायी तुमचं नुकसान होतंय."

दिनानाथ आत आला. कागद उचलून त्याने डाव्या डोळ्याजवळ धरला. वाचायला त्याला वेळ लागला. प्रज्योत टेबलावर बोटं वाजवत राहिला.

"साहेब, यात खोटं काय हाय?" दिनानाथ म्हणाला.

"खरं-खोटं नाही, म्हात्रे. यांनी सही केली तर तुमचं गेट राहतं."

"म्हंजे ती म्हातारी झाली न्हाय असं तिनं लिवून द्यायचं, तेव्हा मी म्हातारा ठरनार." त्याने कागद टेबलावर ठेवला. "पेन दे गो."

रचनाच्या नावाखाली त्याने वाकड्या अक्षरात लिहिलं. 'दिनानाथ म्हात्रे, वय ५३, वेळ १०:२१. मी हिच्या मागून आलो.'

"तुम्हाला कळतंय का काय करताय?" प्रज्योतचा आवाज चढला. "दोघंही जाल."

"जाऊ," दिनानाथ म्हणाला. मग रचनाकडे वळला. "पन माझ्या घरी येऊन बायकोला सांगायचं तू. मी न्हाय तोंड देनार तिला."

"येते संध्याकाळी," रचना म्हणाली आणि प्रज्योतपुढची खुर्ची ओढून बसली. "सर, याची एक झेरॉक्स आणि मिळाल्याचा शिक्का पाहिजे. आमच्याकडे वेळ आहे."