मिठाच्या बर्फात धरलेला हात

तो मासा पाण्यात नवरीसारखा नटलेला दिसायचा. अंगावर पट्टे, कडेला झालरी, पाठीवर विषारी काट्यांचा पिसारा. मूळचा इथला नव्हे. कुठून आला कोण जाणे, पण आला आणि घरजावयासारखा ठाण मांडून बसला. त्याला खाणारं इथे कुणी नव्हतं, आणि खडकावरची इतर माशांची सगळी पिल्लं मात्र त्याने फस्त केली. दोघा भावांच्या जाळ्यात आता शेवाळाशिवाय काही येईना. म्हणून धाकटा भाला घेऊन रोज बुडी मारायचा आणि एकेकाला टिपून वर आणायचा. थोरल्याला बुडी जमत नव्हती, तो होडी सांभाळायचा. खडकाचं आणि दोन्ही घरांच्या चुलींचं जे काही व्हायचं, ते धाकट्याच्या हातांवर होतं.

त्या सकाळी भाल्यावरून मेलेला मासा सोडवताना त्याचा हात निसटला आणि काटे बोटांत घुसले. तो ओरडला नाही, नुसता खाली बसला. त्याचे ओठ पांढरे पडले.

थोरल्याची पाचावर धारण बसली. पण जन्मभर एक गोष्ट तो करत आला होता: जे नासू द्यायचं नाही ते बर्फात ठेवायचं. मिठाने बर्फ आणखी गार होतो आणि मासे कडक राहतात, असं बापाने शिकवलं होतं, तसं त्याने बर्फाच्या पेटीत खडेमीठही ओतलं. मग भावाचा हात मनगटापर्यंत आत खुपसला.

"दादा, सहन होत नाही. काढू दे."

"गप बस. विष चढेल."

"अरे, आग होतेय."

"मग गारच बरं ना, शहाण्या? लहानपणी सुईलाही असाच भोकाड पसरायचास."

किनारा लांब होता. थोरल्याने एका हाताने सुकाणू धरलं आणि दुसऱ्याने भावाचं मनगट दाबून ठेवलं. धाकट्याने हिसके दिले, शिव्या दिल्या, पुढे गयावया केली. शेवटी तो शांत झाला.

"आता काहीच दुखत नाही," तो म्हणाला, तेव्हा कुठे थोरल्याचा जीव भांड्यात पडला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ती मेणासारखी बोटं टोचून पाहिली.

"हे विष उष्णतेने मरतं. सोसेल इतक्या गरम पाण्यात हात धरला असता, तर आज घरी गेला असता. ही बोटं विषाने नाही, गारठून गेलीत. वाचतील असं वाटत नाही. बर्फात कोणी धरला एवढा वेळ?"

जमिनीने पोटात घ्यावं असं थोरल्याला झालं.

"मीच," धाकटा म्हणाला. "दादा काढ काढ म्हणत होता. मीच ऐकलं नाही."

बाई आत गेल्या. थोरला खाटेच्या कडेला टेकला आणि लहान पोरासारखा रडू लागला.

"खोटं का बोललास रे?"

"घरीही हेच सांगायचं," धाकटा छताकडे बघत म्हणाला. "आणि आता पुरे कर. उद्यापासून बुडी तुला मारायचीय, आणि तुला तर भालासुद्धा धरता येत नाही."