मुकुट चढवलेला प्रोग्राम

मित्रांनो, टाकोराडी या बंदराच्या गावातल्या मिशन दवाखान्यातल्या संगणकात राहणारा मी एक जुना प्रोग्राम. माझ्यावरचा सोनेरी मुकुट बघून फसू नका.

मला घडवलं आराबा एडुफुलनं. ती तिथं रक्त तपासायची. कुठल्या रुग्णाला कोणतं औषध सोसत नाही, एवढंच तिनं मला जपायला शिकवलं. सहा वर्षं मी ते जपलं. माझ्या भरवशावर जुन्या वह्याही रद्दीत गेल्या. नर्स फिलोमिना सुई भरताना म्हणायची, "थांबा, आधी आमच्या म्हाताऱ्याला विचारते." मला फार बरं वाटायचं.

मग आराबानं मला एबो क्वान्साला विकलं. इतरांच्या प्रोग्रामवर नवं नाव, नवं चित्र चढवून विकणं हा त्याचा धंदा. त्यानं आराबाचं नाव पुसून मुकुट बसवला. जुनं नाव कुणाला दिसू नये म्हणून नवी प्रत बसताना जुना कप्पाच साफ होईल, अशी सोय केली. नोंद नसली की मी 'माहीत नाही' म्हणायचो. तेही त्याला कमीपणाचं वाटलं. तिथं त्यानं हिरव्या अक्षरांत घातलं, 'काही धोका नाही'.

आराबा धावत आली. "बॉस, सगळ्या नोंदी त्या जुन्या कप्प्यातच आहेत! आधी त्या हलवा."

"विकलंस ना, सिस्टर? मग आता माझ्या मालात नाक खुपसू नकोस."

नवी प्रत बसली. फिलोमिना ओरडली, "अहो, सगळं कोरं कसं?"

"नवा माल कोराच असतो, मॅडम. भरा सावकाश."

तिसऱ्या दिवशी फिलोमिना रजेवर होती. एसी नावाच्या पाच वर्षांच्या पोरीला तापात घेऊन तिची मावशी आली. आई मासळी घ्यायला बंदरावर गेली होती. एसीला पेनिसिलिन सोसत नाही, हे आईला ठाऊक होतं, मावशीला नव्हतं; दवाखान्यात इतकी वर्षं ते मीच सांगत आलो होतो. बदली नर्सनं मला विचारलं. मी हिरवी अक्षरं दाखवली. तिनं पेनिसिलिन टोचलं. आई पोचेपर्यंत पोर गेली होती.

चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हे बनवलं कुणी?"

"या आराबा एडुफुलनं, साहेब," क्वान्सा पटकन म्हणाला. "मी आपला नुसता विकणारा."

आराबाची नोकरी गेली. मी अजून विकला जातोय.

मित्रांनो, माझ्यासारखा कुणी ठामपणे काही सांगू लागला, तर हात जोडून विनवतो, घाई करू नका. आई बंदरावरून येईपर्यंत थांबा.