होमावर पाणी

“कुंड बाहेर कुणी ठेवलं?”

लिफ्टमधून बाहेर पडल्या पडल्या अरुणाने विचारलं, पण कॉरिडॉरमध्ये ऐकायला कुणी नव्हतं. तिच्या मुलाच्या, सारंगच्या नव्या फ्लॅटचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतून वास्तुशांतीच्या पाहुण्यांची बोलणी ऐकू येत होती. बाहेर चपलांच्या ढिगाशेजारी तांब्याचं होमकुंड होतं, निखारे अजून लाल होते. त्यामागे नव्या सोफ्याचे आणि पलंगाचे रिकामे खोके भिंतीला टेकवून ठेवलेले. चौदाव्या मजल्यावर वारा कुणाला विचारून येत नाही.

ती आत गेली तशा सगळ्यांच्या नजरा तिच्या केशरी जाकिटावर खिळल्या. पुण्याहून खास आलेल्या विहीणबाई, नीलिमाताई, पैठणी सावरत पुढे झाल्या.

“अरुणाताई, मुलाची वास्तुशांत, आणि तुम्ही पूर्णाहुती झाल्यावर उगवताय?”

“टीमचं ड्रिल होतं सकाळी. सारंगला महिन्यापूर्वी सांगितलं होतं. ते कुंड कुणी बाहेर नेलं?”

“मी नेलं,” सारंग म्हणाला. “क्षिप्राला धुराचा त्रास होत होता.”

क्षिप्रा, त्याची बायको, कोचावर पाय वर घेऊन बसली होती. तिला सातवा महिना होता.

“मग विझवून न्यायचं होतंस.”

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ज्या घरांत समईसुद्धा मालवतात, विझवत नाहीत, तिथे भर वास्तुशांतीत हा शब्द सासूबाईंच्याच तोंडून आला होता.

“शुभ बोला हो,” नीलिमाताई म्हणाल्या. “होमाचा अग्नी कुणी विझवतं का? तो आपला आपण शांत होतो.”

अरुणाने वर पाहिलं. छतावरच्या स्मोक डिटेक्टरला कुठल्याशा हॉटेलातली शॉवर कॅप घातली होती. “काय करणार आई, मंत्र चालू असताना ते बोंबलत बसलं असतं,” असं सारंग म्हणेपर्यंत ती स्टूल ओढून त्यावर चढलीसुद्धा होती. पाहुण्यांत खसखस पिकली. कुणीतरी “आली बंबवाली” असंही पुटपुटलं.

हे नाव तिला इथे परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींनी ठेवलं होतं आणि ते तिच्या कानावर यावं अशी व्यवस्थाही केली होती. जन्मभर रॅफल्स प्लेसच्या बँकेत हिशेब तपासलेली बाई निवृत्तीनंतर भजनी मंडळात जाते, फार तर योगा करते. ही आपल्या वस्तीच्या इमर्जन्सी टीममध्ये शिरली. बिल्डिंगखालच्या खोलीत त्यांची लाल ट्रॉली असते. तिच्यात पावडरची सिलिंडरं, आगीवर टाकायचं ब्लँकेट, हेल्मेटं, कर्णा आणि घडीचं स्ट्रेचर. त्या स्ट्रेचरवरून अरुणाने आणि टीममधल्या, टॅक्सी चालवून थकलेल्या मिस्टर टॅननी लिफ्ट बंद असताना एका आजोबांना जिन्याने खाली आणलं होतं. पितरांसाठी कागद जाळायच्या चिनी महिन्यात ती संध्याकाळी ह्या ट्रॉलीपाशी बसून असायची. पगार शून्य, गुडघे दुखायचे, आणि तिला मजा यायची. मजा येते हे ती कुणालाही तोंडावर सांगायची, आणि लोकांना खरं तर तेच खटकायचं.

मुलाच्या घराला तिने भेट दिली होती तीसुद्धा फायर एक्स्टिंग्विशर. नीलिमाताईंनी चांदीच्या समया दिल्या होत्या. समया देवापुढे होत्या आणि एक्स्टिंग्विशर लाल रिबिनीसकट दारामागे, छत्र्यांच्या आड.

शॉवर कॅप तिच्या हातात आली तेवढ्यात बाहेरून खरखरीत आवाजात हाक आली.

“आपी! आपी!”

“शेजारीण बहिणीला बोलावतेय वाटतं,” नीलिमाताई कौतुकाने म्हणाल्या. “हैदराबादला आमच्या शेजारी होते ना, मोठ्या बहिणीला आपी म्हणायचे.”

दोघीतिघी हसल्याही. अरुणा स्टुलावरून जवळजवळ पडतच उतरली. शेजारणीच्या मलय भाषेत ‘आपी’ म्हणजे आग.

सोफ्याचा खोका पेटला होता. धूर थेट शेजारच्या खिडकीत शिरत होता, आणि त्या खिडकीमागे व्हीलचेअरवर रोकियाबाई होत्या. त्यांची मुलगी बाहेरून दाराच्या जाळीला कुलूप लावून कामाला जायची, हे अरुणाला सामान लावायच्या दिवसांत झालेल्या ओळखीतून ठाऊक होतं. अरुणाने छत्र्या उडवल्या, रिबिनीसकट एक्स्टिंग्विशर उचललं, पिन ओढली आणि नळी ज्वाळेच्या बुडाशी धरून दाबलं. पांढऱ्या पावडरीचा लोट उठला. चपला पांढऱ्या झाल्या, खोके पांढरे झाले आणि जाळ बसला.

“मकचिक, ओके? विंडो क्लोज!” ती ओरडली. मकचिक म्हणजे मावशी.

“ओके, ओके,” आतून खोकत रोकियाबाई म्हणाल्या, आणि खिडकी बंद झाल्याचा आवाज आला.

कुंडात पावडरीखाली निखारे मात्र धुमसतच होते. वारा पावडर उडवत होता.

“सारंग, पाणी आण.”

सारंगने नीलिमाताईंकडे पाहिलं.

“अहो, जाळ गेला ना आता?” नीलिमाताई दाराची चौकट धरून म्हणाल्या. “राहू द्या तो अग्नी. पाणी नका टाकू. माझी मुलगी अवघडलेली आहे हो.”

त्या मनापासून घाबरल्या होत्या, हे अरुणाला दिसत होतं. तिला त्यांची दयाही आली. ती आत गेली, बाथरूममधली बादली नळाखाली भरली आणि सगळ्यांच्या देखत कुंडात ओतली. चर्र झालं, राख काठावरून वाहून चपलांत गेली. तिने दुसरी बादली आणली आणि तीही ओतली.

नीलिमाताईंनी डोळ्याला पदर लावला. पाहुणे एकेक करून आत गेले, हळू आवाजात बोलू लागले. सारंग तेवढा बाहेर राहिला.

“आई, आता मी सांगतो ते ऐक. आत जाऊन क्षिप्राच्या आईला सॉरी म्हण. आणि हे टीमचं खूळ सोडते म्हणून सांग. त्या म्हणतात, हे असलं विझवणं अंगावर घेऊन तू बाळाजवळ यायला नकोस. शब्द दे, की विषय संपला. एवढं काय जातंय तुझं?”

“आणि नाही दिला तर?”

“तर मला मध्ये घालू नकोस.”

अरुणाला रडू आलं. रागाने आलं की आणखी कशाने, ते तिने तपासलं नाही. पोटचा पोर, त्याचं घर, त्यात येणारं तान्हं बाळ. ते हातात घ्यायची तिला किती आस लागली होती हे ह्या मुलाला ठाऊक होतं, म्हणूनच तर त्याने ते दारात अडसरासारखं घातलं होतं.

“सॉरी तू म्हण,” ती म्हणाली. “त्या खिडकीपाशी जाऊन म्हण. ती बाई आत कोंडलेली होती, सारंग. मला सांग, तुमचा अग्नी शांत होईपर्यंत तिने काय करायचं होतं?”

“पण झालं का काही? नाही ना झालं?”

“नाही झालं, कारण मी होते. उद्या पुन्हा असं दिसलं तर पुन्हा ओतीन. तुझ्या घरात, त्यांच्या घरात, देवळात. टीम मी सोडणार नाही.”

सारंग आत गेला. अरुणाने खराटा मागून घेतला नाही. ओल्या खोक्याचाच पुठ्ठा फाडून राख एका बाजूला ओढली, चपला झटकून ओळीने लावल्या. आत पानं वाढल्याची गडबड ऐकू येत होती. तिला भूक लागली होती. सकाळपासून चहाशिवाय पोटात काही नव्हतं.

दार उघडलं. क्षिप्रा ताट घेऊन आली होती. वरणभात, पुरणपोळी, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, लिंबाची फोडसुद्धा विसरली नव्हती.

“आई, आत या ना. माझ्यासाठी. नुसतं सॉरी म्हणा.”

“बाळा, तू वाकू नकोस. दे इकडे.” अरुणाने ताट घेतलं आणि भिंतीला टेकून, रोकियाबाईंच्या खिडकीखाली, फरशीवर मांडी घातली. “मी इथेच जेवते. मुलाच्या घरचं जेवण आहे, सोडणार नाही. जा, तू आत जाऊन जेव.”

उघड्या दारातून बैठकीतली पंगत सगळी तिला दिसत होती, आणि पंगतीला ती. कुणाचा घास पुढे सरकत नव्हता. नीलिमाताई पानाकडे पाहत बसल्या होत्या.

सारंग उठून दाराशी आला. तो उंबऱ्यावर थांबला, इतका वेळ की अरुणाला वाटलं, हा आता बाहेर येईल.

“एसी चालू आहे, आई,” तो म्हणाला, आणि त्याने दार ओढून घेतलं.

वर खिडकी किलकिली झाली. “मकान, अरुणा,” रोकियाबाईंनी जेवायचा आग्रह केला. “ईट. स्लोली, स्लोली.”

अरुणाने मान हलवली. डोळे दंडाला पुसले, लिंबू पिळलं, वरणभात कालवला आणि पहिला घास घेतला. भरल्या पानावरून ती उठणार नव्हती.