पुण्याईच्या पट्टीमागचा डोळा

मित्रांनो, मी एक जुना डोळा आहे. जुना म्हणजे दीड वर्षाचा. माणसाचं लेकरू या वयात नुकतं दुडुदुडु चालायला लागतं. मी निवृत्त झालो. सध्या मुक्काम परभणीत, एका काचवाल्याच्या दुकानातल्या फळीवर. डावीकडे तुटका आरसा, उजवीकडे वायपर. आरसा उलटंच बोलतो आणि वायपरला एकच गोष्ट येते, इकडून तिकडे. म्हणून म्हटलं, तुमच्याशी बोलावं.

मी नव्या छोट्या गाडीच्या पुढच्या काचेमागे, आरशाच्या आडोशाला बसणारा कॅमेरा होतो. कॅमेऱ्याला कान कुठून आले, असं तुम्ही विचाराल. बोरी गावातल्या एका घरात राहिलं की येतात.

माझा जन्म अशा कारखान्यात झाला जिथे धुळीला प्रवेशबंदी होती. पुढे माझी नेमणूक परभणी जिल्ह्यात होणार आहे, हे तिथं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. तिथं मला हजारो चित्रं दाखवून शिकवलं. हा माणूस, ही मोटार, ही सायकल, ही रस्त्यावरची पांढरी रेघ. मोटारसायकलवर बाज, बाजेवर गादी आणि गादीवर आजी, हे कोणी शिकवलं नाही. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी त्याला ट्रक समजलो आणि आदराने अंतर राखलं.

माझं काम साधं होतं. समोर काही आलं आणि ड्रायव्हर काहीच करीत नसला, तर आधी ओरडायचं. तरीही तो ढिम्म असला, तर स्वतः ब्रेक मारायचा. काही गाड्यांत मदतीला रडारही असतं. आमच्या गाडीत मी एकटाच. मी डोळा होतो, देव नव्हतो. धुकं आलं की मला कमी दिसे, गाडी फार वेगात असली की पूर्ण थांबणं माझ्या हातात नसे. हे सगळं गाडीबरोबरच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते पुस्तक वाचणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. तिचं नाव राजेश्री.

राजेश्रीताई बोरीच्या शाळेत शिकवतात. त्यांचे यजमान योगीराज लग्नांचे फोटोग्राफर. लग्नसराईत हा माणूस रात्री वराती टिपायचा आणि सकाळी हळदी, त्यामुळे झोपायचा तो प्रवासात. दुर्दैवाने प्रवासात तोच ड्रायव्हर असायचा. मी येण्याच्या आदल्या वर्षी राणीसावरगावचं लग्न उरकून परतताना तो मोटारसायकलसकट तुरीत शिरला होता. घरी येऊन म्हणाला, "रानडुक्कर आडवं आलं." त्या डुकराला आजवर कोणी पाहिलेलं नाही.

गाडी घ्यायला सगळं घर आलं होतं. योगीराजचे वडील बन्सीधरबाबा आणि आई कडूबाईसुद्धा. विक्रेत्याचं नाव गोपाळ. त्याने टाय घातला होता. मे महिन्यात परभणीत टाय घालणारा माणूस कशालाच घाबरत नाही.

"मॅडम, सेफ्टीत एक नंबर गाडी हाय," गोपाळ म्हणाला. "सगळं ऑटोमॅटिक."

"सगळं म्हंजे काय काय?" राजेश्रीताईंनी विचारलं.

"सगळं म्हंजे... सगळंच की."

"नुसती ओरडती का ब्रेकबी मारती? किती स्पीडपर्यंत? नुसती मोटार ओळखती का माणूसबी? अंधारात दिसतं का तिला? आन् हे सगळ्या मॉडेलात हाय का एकाच?"

गोपाळने टाय सैल केला. "ह्या दुसऱ्या मॉडेलात सनरूफ हाय, मॅडम."

झालं. किंमत तीच, पण एका मॉडेलात सनरूफ आणि दुसऱ्यात मी. योगीराजचे डोळे चमकले. "सनरूफमधून उभं राहून वरातीचा शॉट लय भारी येतो."

"आन् तवा गाडी कोन चालवल?" राजेश्रीताई म्हणाल्या.

बन्सीधरबाबांनी वर बघितलं. "एवढ्या उन्हात छताला भोक? आपल्या गोठ्याला हाय की तसं. फुकटात."

"चालवून तर बगा," गोपाळ काकुळतीला आला. "पन ब्रेकचा डेमो कसा देनार? समोर कोनाला उभं करू?"

"तूच ऱ्हा की," बाबा म्हणाले. "टायबी हाय."

शेवटी राजेश्रीताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मला गाडी न्हाई घ्यायची. मला एक डोळा घ्यायचाय. ह्यांचे दोन्ही मिटतात."

"मी कधी झोपलो?" योगीराज म्हणाला. "ते डुक्कर व्हतं."

पण गाडी माझीच आली. मित्रांनो, कोणीतरी आपल्याला सनरूफपेक्षा जास्त किंमत दिली, हा माझ्या आयुष्यातला सर्वोच्च सन्मान.

कामाला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात बेइज्जती सुरू झाली. गाडीने रेघ सोडली की सांगायचं, असं मला शिकवलेलं. आमच्या रस्त्यावर जिथं रेघ होती तिथं खड्डा होता, आणि जिथं रस्ता बरा होता तिथं भुईमुगाच्या शेंगा वाळत होत्या. मी अखंड ओरडत राहिलो. राजेश्रीताईंनी पुस्तक वाचून निवाडा दिला, "रेघंचं बंद करा, हरकत न्हाई. पन ब्रेकचं बंद करू नका." एवढी समजूतदार बाई मी पुन्हा पाहिली नाही. अर्थात मी माणसंच फार पाहिली नाहीत.

सीटच्या पट्ट्याचीही तीच गत. "देवाला जाताना बैलबी आसा बांधून नेत न्हाई," म्हणून बाबांनी पट्टा लावायला नकार दिला, आणि पट्ट्याची शिट्टी बंद व्हावी म्हणून योगीराजने बाजारातून एक लोखंडी चकती आणून खाचेत अडकवली. गाडीला वाटायचं, बाबांनी पट्टा लावलाय. गाड्या भोळ्या असतात.

मग तो दिवस आला. गंगाखेडकडचं लग्न करून सगळे सकाळी परत येत होते. मागच्या सीटवर कडूबाई आणि त्यांच्या मांडीवर लग्नघरच्या बुंदीचा डबा. परभणी मागं पडली, जिंतूर रोड लागला आणि समोर कापसाने फुगलेला एक टेम्पो हळूहळू चालला होता. गाडी त्याच्याकडे निघाली ती निघालीच. मी ओरडलो. योगीराजची मान छातीवर होती. मग मी ब्रेक मारला.

गाडी थांबली. टेम्पो एक हात पुढे होता. बुंदी सगळीकडे होती. पुढे पावसाळ्यापर्यंत एसी लावला की एखादा दाणा बाहेर यायचा.

"ब्रेक कोन मारला?" बन्सीधरबाबांनी विचारलं.

"मी न्हाई," योगीराज दचकून म्हणाला. अर्धवट झोपेतला माणूस खरं बोलतो.

"कॅमेऱ्यानं मारला," राजेश्रीताई म्हणाल्या. "म्हंजे तुमी झोपले व्हते."

मी मान ताठ केली, म्हणजे आधीच होती, पण आतून केली. आता हा माणूस म्हणेल, 'व्हय, डोळा लागला माहा.' एवढंच. चार शब्द.

कडूबाई पदरातली बुंदी झटकत म्हणाल्या, "माहं लेकरू झोपल कामून? गाडीच आपोआप थांबली. जागा वाईट हाय ती."

योगीराजने आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. "व्हय आई. आपोआपच थांबली."

मित्रांनो, डुकराची बदली झाली आणि त्या जागेवर भूत रुजू झालं. त्या भुताचा चेहरा म्हणजे मी.

शेजारच्या सरजाबाईंनी इलाज सांगितला. "नवीन गाडीला नजर लागती माय. लिंबू-मिरची बांध आन् काचंवर थोरामोठ्याचं नाव टाक. नाव असलं की वाईट वारं आत शिरत न्हाई." राजेश्रीताई डोक्याला हात लावून बसल्या. योगीराज मात्र त्याच दिवशी परभणीला रेडियमवाल्याकडे गेला. काचेच्या वरच्या अंगाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सोनेरी अक्षरांची काळी पट्टी: आई-बाबांची पुण्याई.

"दादा, मधी हा काळा डबा लय बेकार दिसायलाय," रेडियमवाला म्हणाला. "झाकून टाकू?"

"टाक. पन अक्षरं सेंटरला घे."

अक्षरं बरोबर सेंटरला आली. 'पु' माझ्या डोळ्यावर आला.

एक लक्षात घ्या. हा माणूस फोटोग्राफर होता. त्याच्या लेन्सवर कोणाचं बोट लागलं तर भर मांडवात ओरडायचा. रोज निजण्याआधी आपले कॅमेरे मऊ फडक्याने पुसून पेटीत ठेवायचा. त्याच हाताने त्याने माझ्यावर पट्टी दाबली, अंगठ्याने बुडबुडे काढून.

गाडीने जमेल तसं सांगितलं. 'समोरचा कॅमेरा झाकला आहे', असा इंग्रजी संदेश रोज उमटायचा. बाबांनी एकदा विचारलं, "हे काय म्हनायलंय?"

"सर्व्हिसिंगचं आलंय," योगीराज म्हणाला.

राजेश्रीताईंनी लगेच ओळखलं. "ती पट्टी थोडी कापा. मधला तुकडा काढा फक्त."

"मधून कापू? 'आई-बाबांची' इकडं आन् 'ण्याई' तिकडं? लोक काय म्हनतील?"

"मागच्या काचंला लावा मग."

"आई-बापाला मागं लावू?"

एका रविवारी अंगणात कोणी नव्हतं. राजेश्रीताई ब्लेड घेऊन आल्या आणि पट्टीचा कोपरा हळूच सोडवू लागल्या. मला उजेडाची एक रेघ दिसली. मागून कडूबाईंचा आवाज आला.

"काय करायलीस राजेश्री?"

"काही न्हाई आत्या, इथं कॅमेरा हाय, तो..."

"माहं नाव खरडायलीस? जित्तेपनीच?"

सूनबाईंच्या हातात ब्लेड होतं आणि ब्लेडखाली सासू-सासऱ्यांची पुण्याई. कुठल्याही गावातल्या कुठल्याही पंचासमोर ही केस हरणारच. त्यांनी ब्लेड कागदात गुंडाळलं आणि आत गेल्या. त्यानंतर गाडीत बसल्या की योगीराजशी सारख्या बोलत राहायच्या. भाजीचे भाव, शाळेतल्या गमती, काहीही. तो म्हणायचा, "लय बोलतीस बाई तू." त्या माझं काम करत होत्या.

पण बोलणाऱ्यालाही एखाद्या वेळी डुलकी लागते. पोखर्णीला नरसिंहाचं दर्शन झालं. पाहुण्यांकडे पुरणाचं जेवण झालं. परत निघाले तेव्हा दुपार टळटळीत होती. गाडीत गार हवा होती आणि पोटात पुरण. ट्रॅक्टरला जोडलेली उसाची एक ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्याच्या कडेला उभी होती, चाकांना दगड लावून. ती मी पाहिली नाही, नंतर ऐकली. मला दिसत होता तो काळोख आणि त्यात उलटा 'पु'.

"आवो!" राजेश्रीताई ओरडल्या. योगीराज जागा झाला आणि त्याने ब्रेकवर पाय ठेवला, पण तोवर ट्रॉलीच ब्रेक झाली होती.

राजेश्रीताईंना पट्ट्याचा वळ उठला. कडूबाईंचा हात मुरगळला. योगीराजच्या कपाळाला टाके पडले. बन्सीधरबाबांसमोर एअरबॅगचा फुगा फुगला, पण बिनपट्ट्याचा माणूस त्याच्या खालून सरकला. कंबरेचं हाड मोडलं. रोज पहाटे चालत शेताला चक्कर मारणारा तो माणूस नंतर बाजेवरून उठला नाही.

गर्दी जमली. पुढच्या काचेची चाळणी झाली होती, फक्त पट्टीखालचा भाग तिला चिकटून शाबूत राहिला होता. एकाने मोबाईल काढला. "बगा, बगा! काच फुटली पन अक्षर फुटलं न्हाई. पुण्याईनं वाचले!"

"आन् कंपनीचा कॅमेरा?" योगीराज रुमाल कपाळाला दाबत म्हणाला. "काय उपयोग झाला त्याचा?"

पोलिसाने बाबांना विचारलं, काय घडलं. बाबा पुढेच बसले होते आणि जागे होते. त्यांनी मुलाकडे बघितलं. "त्येची काय चूक न्हाई. ट्रॅक्टरच एकदम मागं आला."

पंक्चर ट्रॉलीचा, दगड लावलेला ट्रॅक्टर. डुक्कर, भूत आणि आता हा. ती पट्टी माझ्यावर होती तशी बाबांची पुण्याई मुलावर होती. दोन्हींचं काम झाकण्याचंच.

गाडी दुरुस्त झाली आणि नवी काच बसवायला या दुकानात आली. नवा डोळाही आला. काचवाल्याने बजावलं, "हा मशीनवर सेट करून घ्यावा लागतो, तसाच चालवू नका." मला काढून या फळीवर ठेवलं. पट्टी चिकटलेला काचेचा तुकडा अजून माझ्यापाशीच आहे.

योगीराजच्या काखेत नवी गुंडाळी होती, आधीच्या दुप्पट रुंदीची. "आई म्हनली, पहिली पट्टी बारीक व्हती म्हनून बाबांची कंबर गेली."

राजेश्रीताई उभ्या होत्या. "एक सांगा. त्या दिवशी झोप लागली व्हती का?"

"ट्रॉलीला लाईट नव्हती."

"दुपारी दोनला?"

योगीराज गुंडाळीचा दोरा सोडू लागला. खरं म्हटलं असतं तर ती गुंडाळी तिथंच कचऱ्यात गेली असती. पट्टीमागे डोळा होता, आणि डोळ्याची गरज त्याच्या झोपेला होती. एक कबूल केलं की सगळंच कबूल करावं लागणार होतं. त्याने गुंडाळी उलगडली आणि नव्या काचेवर माप धरलं.

"सेंटरला घ्यायचं ना?" काचवाल्याने विचारलं.

"सेंटरला."

राजेश्रीताईंनी पर्स उचलली. "मी एसटीनं येते," म्हणाल्या आणि स्टँडकडे गेल्या. परवा काचवाला गिऱ्हाइकाला सांगत होता, त्या बाई आता कायम एसटीनेच फिरतात. ड्रायव्हरच्या मागची जागा धरतात, जिथून आरशात त्याचे डोळे दिसतात.

मित्रांनो, तुमच्या घरी नवी गाडी येईल तेव्हा गोपाळला प्रश्न विचारा आणि तो घामाघूम होईपर्यंत विचारा. पुस्तक वाचा. आई-बाबांचं नाव जरूर लावा, पण डोळा सोडून. आणि झोप आली तर म्हणा, झोप आली. डुकराला, भुताला, ट्रॅक्टरला मध्ये आणू नका. तेवढं एक फीचर कुठल्याच मॉडेलात येत नाही. ते घरूनच बसवून आणावं लागतं.