बांधाच्या आतली चिखलफळी

मित्रांनो, आज मी एका ओहोळावर आडवी पडले आहे आणि माणसं मला तुडवत पलीकडे जातात. पण मी साकव नाही. मी कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावरची एक जुनी चिखलफळी आहे.

शिंपले वेचणाऱ्या ओकबुनच्या नवऱ्याने मला तासलं आणि माझं नाक होडीसारखं वर वळवलं. ओहोटीला समुद्र मागे गेला की नजर पोचेल तिथवर चिखल. त्यात माणूस मांडीपर्यंत रुते. ओकबुन मात्र एक गुडघा माझ्यावर टेकायची, दुसऱ्या पायाने चिखल रेटायची, की आम्ही सरसर निघालो शिंपले वेचायला. तिची तान्ही लेक तिच्या पाठीशी बांधलेली असायची, माझ्या हेलकाव्यांवर झोपायची.

आमचं घड्याळ आकाशात होतं. चंद्र पाणी ओढतो. त्याच्या समोरच्या अंगाला समुद्र फुगतो आणि पृथ्वीच्या पाठच्या अंगालाही. या दोन फुगवट्यांतून पृथ्वी फिरते, म्हणून भरती दिवसातून दोनदा. सूर्यही ओढतो, पण तो पडला लांब. अमावास्या-पौर्णिमेला दोघे एका रेषेत येतात, तेव्हा उधाण, आणि ओहोटीही तितकीच दूरवर. मोठे शिंपले तेव्हाच हाती लागत. अष्टमीला दोघांची ओढ आडवी-उभी होते, पाणी मरगळतं. तो भांगाचा, म्हणजे मंद भरती-ओहोटीचा दिवस, आम्ही घरी.

मग समुद्राला बांध घालायचं ठरलं. आतल्या चिखलाची भातशेतं होणार, ती गावाला मिळणार. बांधवाले घरोघर येऊन संमतीचे शिक्के मागू लागले; आमच्याकडे सहीऐवजी नावाचा शिक्का उमटवतात.

"वहिनी, चिखल गेला तर खायचं काय?" नणंद मालसुनने विचारलं.

"जातोय कुठे? ओढणारा वर बसलाय. एका उधाणात बांध आडवा होईल. तोवर शेत तर पदरात पडेल."

"चंद्राशी सोयरीक असल्यासारखं बोलता."

"आहेच. तुझ्या भावापेक्षा वेळेवर येतो तो."

सगळ्या गावाने असाच विचार केला. शिक्के उमटले.

बांध झाला. पौर्णिमेला ओकबुन डोक्याला फडकं बांधून मला घेऊन काठावर उभी राहिली. उधाण आलं, पण बांधाच्या पलीकडे. आत काही हललं नाही. पुढे एकदा पाऊस पडला. भरती आली असं समजून शिंपले चिखलातून वर आले, तोंडं उघडून बसले आणि उन्हात तसेच मेले.

"तुमच्या सोयऱ्याला निरोप धाडा ना, वहिनी," मालसुन म्हणाली. ओकबुनने मान वर केली नाही.

चांगली शेतं बाहेरच्यांनी नेली. तिच्या वाट्याला खारट कोपरा आला. तिथे रोप हिरवं होण्याआधी जळतं. लेक शहरात कामाला गेली. मला ओहोळावर टाकलं. ओकबुन रोज माझ्यावर पाय देऊन जाते, खाली बघत नाही.

मला तेल लावा, सावलीत ठेवा, असं मी म्हणणार नाही. चिखलाविना मी नुसतं लाकूड. पण मित्रांनो, उद्या तुमच्या किनाऱ्यावर कुणी असाच शिक्का मागायला आलं, तर चंद्राच्या भरवशावर राहू नका. तो कुणाची बाजू घेत नाही. तो फक्त ओढतो. पाणी आत घ्यायचं की नाही, ते माणसं ठरवतात.